अवधान-निमेष

अवधान-निमेष : चित्रे, अक्षरे किंवा शब्द एकाच जागी एकामागून एक भराभर झळकत असताना त्यांतले एक नेमके टिपले, की त्यानंतर साधारण ०.२ ते ०.५ सेकंदांत येणारे दुसरे बहुधा लक्षातच येत नाही. लक्षाच्या या क्षणभराच्या खंडाला अवधान-निमेष म्हणतात; इंग्रजीतली रूढ संज्ञा अटेन्शनल ब्लिंक. निमेष म्हणजे पापणीची उघडझाप, पण इथे पापणी लवतच नाही. डोळे सताड उघडे असतात, नजर पडद्यावर खिळलेली असते आणि तरीही समोरची गोष्ट डोळ्यांदेखत निसटते.

ही संज्ञा रूढ झाली ती १९९२ साली जेन रेमंड, किमरॉन शपिरो आणि कॅरन आर्नेल यांनी कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात केलेल्या प्रयोगांमुळे. प्रयोगाची मांडणी अगदी साधी होती. करड्या पडद्याच्या मध्यभागी काळी अक्षरे सेकंदाला ११ या वेगाने येत. प्रत्येक अक्षर जेमतेम १५ मिलिसेकंद दिसे, मग ७५ मिलिसेकंद पडदा कोरा, की लगेच पुढचे अक्षर. या काळ्या रांगेत एकच अक्षर पांढरे असे. ते कोणते, हे शेवटी सांगायचे. शिवाय त्यानंतर ‘एक्स’ येऊन गेला का, तेही सांगायचे. पांढरे अक्षर बहुतेकांना ओळखता येई. मात्र त्यानंतर सुमारे १८० ते ४५० मिलिसेकंदांच्या टप्प्यात आलेला एक्स अनेकदा हुकत असे. तोच एक्स आणखी थोडा उशिरा आला, तर पुन्हा सहज दिसे.

दोष डोळ्यांचा नाही, हे त्याच प्रयोगात दाखवून दिलेले आहे. तीच अक्षरे त्याच वेगाने दाखवली, पण ‘पांढऱ्याकडे लक्ष देऊ नका, फक्त एक्स शोधा’ असे सांगितले, की एक्स फारसा हुकत नाही. म्हणजे आधीचे अक्षर नुसते दिसल्याने बिघडत नाही. ते ओळखून लक्षात ठेवायचे काम अंगावर घेतले की बिघडते. पांढऱ्या अक्षरानंतरची जागा कोरी सोडली, तरीही हा खंड बऱ्याच अंशी नाहीसा होतो.

यातली सर्वांत चकित करणारी गोष्ट वेगळीच आहे. दुसरी खूण (खूण म्हणजे रांगेत टिपायला सांगितलेले अक्षर किंवा चित्र) पहिलीनंतर लगेच, म्हणजे सुमारे १०० मिलिसेकंदांच्या आत आली, तर ती वाचते! अडचण सर्वांत जवळच्या खुणेला यावी असे वाटते, पण पहिलीच्या पाठीला लागून आलेली खूण तिच्याबरोबर आत शिरते. फक्त आधी कोणती आली आणि नंतर कोणती, याचा क्रम सांगताना माणूस अनेकदा गोंधळतो.

या संशोधनामागे जुना धागा आहे तो मेरी पॉटर यांच्या कामाचा. चित्रे भराभर दाखवली तर माणसाला त्यांतले किती कळते, हे त्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून तपासले. एकमेकांशी संबंध नसलेली छायाचित्रे सेकंदाला ८ या वेगाने दाखवली आणि ‘होडी दिसली तर सांगा’ एवढेच आधी सांगितले, तरी लोक ती बऱ्याचदा ओळखत. नंतर मात्र ‘हे चित्र तुम्ही पाहिले होते का’ असे विचारले, की त्यांना फारच थोडी चित्रे आठवत. समजणे क्षणात होते, साठवायला वेळ लागतो, हा फरक त्यातून पुढे आला. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असूनही असे काही जाणवत नाही, कारण तिथली प्रत्येक चौकट आधीच्याच दृश्याचा पुढचा तुकडा असते.

याच फरकावर पॉटर आणि मार्व्हिन चुन यांनी १९९५ मध्ये दोन टप्प्यांचे स्पष्टीकरण उभे केले. लग्नात आहेराची वही घेऊन बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणला की ते चटकन समजते. पुढ्यात येणारी सगळी पाकिटे त्याला दिसत असतात, पण एकाचे नाव आणि रक्कम लिहून होईपर्यंत दुसऱ्याची नोंद होत नाही. तेवढ्यात दुसरे पाकीट कोणी उचलून नेले, तर वहीत त्याचा मागमूस राहत नाही. पडद्यावर हे उचलून नेण्याचे काम पुढचे अक्षर करते. मात्र हे सर्वमान्य नाही. काही संशोधकांच्या मते ही क्षमतेची टंचाई नसून, पहिल्या खुणेनंतर आलेली निरुपयोगी अक्षरे बाहेर ठेवण्यासाठी मेंदूने लावलेले दार आहे.

हुकलेली खूण मेंदूत कुठवर पोहोचते, याचे उत्तर १९९६ साली स्टीव्हन लक, एडवर्ड व्होगेल आणि शपिरो यांनी मेंदूतील विद्युतलहरी मोजून दिले. संदर्भाला न जुळणारा शब्द आला की एन४०० नावाची लहर उमटते. निमेषात सापडलेला शब्द लोकांना सांगता आला नाही, तरीही ती लहर तितक्याच जोराने उमटली. म्हणजे शब्द दिसला होता, त्याचा अर्थही लागला होता; हाती राहिला नाही एवढेच. अवधान-निमेषाबद्दल एकच निष्कर्ष लक्षात ठेवायचा तर तो हाच, असे म्हणायला हरकत नाही.

स्वतःचे नाव या खंडातूनही बरेचदा निसटत नाही. उलट भावना हेलावून सोडणारे चित्र मध्येच आले, तर ते शोधायला सांगितलेले नसतानाही पुढचे चित्र झाकोळते. मेंदूच्या इजेमुळे एका बाजूकडे दुर्लक्ष होणाऱ्या रुग्णांत हा खंड कितीतरी लांबतो, हे मसूद हुसेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नोंदवले.

मोबाइलवर सतत रील पाहिल्याने लक्ष टिकत नाही, याचा पुरावा म्हणून अवधान-निमेषाचा दाखला देणे चूक आहे. हा अर्ध्या सेकंदाचा व्यवहार आहे आणि तो निरोगी, एकाग्र माणसातही आढळतो. तो कायमचा ठरलेला मात्र नाही. इगतपुरीच्या केंद्रामुळे मराठी वाचकांना विपश्यना परिचित आहे. त्याच नावाच्या साधनेचे तीन महिन्यांचे सखोल शिबिर अमेरिकेत केलेल्या साधकांची चाचणी हेलेन स्लाग्टर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. शिबिरानंतर साधकांना दुसरी खूण अधिक वेळा टिपता आली आणि पहिल्या खुणेवर त्यांच्या मेंदूचा खर्चही कमी झालेला दिसला.