बहुव्याधी रुग्णांची देखभाल

बहुव्याधी म्हणजे एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार एकाच वेळी असणे. मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात, दमा, मूत्रपिंडाचे विकार आणि नैराश्य हे त्यांत वारंवार आढळतात. कोविडच्या साथीत मराठी वर्तमानपत्रांतून रुळलेला ‘सहव्याधी’ हा शब्द याच्या जवळचा असला, तरी त्याचा अर्थ वेगळा आहे. सहव्याधीत एक आजार मुख्य धरून बाकीचे त्याच्या सोबतीला मोजतात. ही संज्ञा अमेरिकन डॉक्टर अल्व्हन फाइनस्टाइन यांनी १९७० मध्ये मांडली. बहुव्याधीत कोणताही आजार यजमान नसतो.

हा केवळ म्हातारपणाचा प्रश्न नाही. स्कॉटलंडमधील सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के लोक बहुव्याधिग्रस्त आढळले. अतिवंचित वस्त्यांत ही अवस्था सधन वस्त्यांपेक्षा १० ते १५ वर्षे आधीच गाठते, आणि तिथे शारीरिक आजारांना मानसिक आजाराची जोडही अधिक मिळते, असे त्यात दिसले.

अडचणीचे मूळ वैद्यकाच्या रचनेत आहे. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे एकेका आजारासाठी लिहिली जातात, आणि ती रुग्णांवरील ज्या औषध-चाचण्यांवर उभी असतात त्यांतून अनेक आजारांचे रुग्ण बहुधा वगळलेले असतात. सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ७९ वर्षांची, पाच आजार असलेली एक काल्पनिक स्त्री घेतली आणि प्रत्येक आजाराची तत्त्वे तिला तंतोतंत लावून पाहिली. तिच्या वाट्याला १२ औषधे आणि दिवसाला १९ मात्रा आल्या. पथ्य आणि व्यायाम निराळेच. एकही सल्ला चुकीचा नव्हता, चुकत होती ती बेरीज.

औषधे एकमेकांच्या वाटेतही येतात. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन दिले की काहींच्या घोट्यांना सूज येते. तिला नवा आजार समजून लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. तिने यूरिक ॲसिड वाढून गाऊट हा सांधेदुखीचा विकार बळावू शकतो. गुडघेदुखीवरचे डायक्लोफेनॅक रक्तदाब वाढवते, आणि एनालाप्रिलसारखे रक्तदाबाचे औषध व लघवीची गोळी आधीच चालू असेल, तर मूत्रपिंडाला धोका होतो. आपल्याकडे ही वेदनाशामक गोळी पुष्कळदा मेडिकलमधून थेट आणलेली असते आणि कुठल्याच चिठ्ठीवर नसते. म्हणून रुग्णाला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणायला सांगणे, ही साधी रीत फाइलपेक्षा जास्त सांगून जाते.

देखभालीत त्यामुळे नवे औषध जोडण्याइतकेच जुने काढणेही महत्त्वाचे ठरते. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात उपचारांचा रुग्णावर पडणारा बोजा विचारात घेण्यास आणि रुग्णाला स्वतःला काय महत्त्वाचे वाटते ते विचारण्यास सांगितले. दुर्बल वृद्धाच्या साखरेचे लक्ष्य सैल ठेवतात, कारण अचानक साखर उतरून तो पडला, तर खुब्याचे हाड मोडू शकते.

वेगवेगळ्या तपासण्यांऐवजी दर सहा महिन्यांनी एकत्र, सविस्तर तपासणी करण्याची पद्धत इंग्लंड-स्कॉटलंडमधील ३३ दवाखान्यांत अजमावण्यात आली. तीन किंवा अधिक आजारांचे १,५४६ रुग्ण तीत होते. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: देखभाल आपल्या गरजांना धरून झाली, असे या पद्धतीतील रुग्णांनी अधिक प्रमाणात सांगितले, जीवनमानाच्या मोजपट्टीवर मात्र फरक पडला नाही.