कलावर्गाला मूल घालण्यामागची कारणे

मुलाला शाळेनंतर तबल्याच्या किंवा चित्रकलेच्या वर्गाला का घातले, असे गोव्यातील पालकांना विचारले, तर बुद्धी तल्लख होते, हे उत्तर हमखास मिळते. त्याला विज्ञानाचा आधार मात्र तोकडा आहे. मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहा वर्षांची 144 मुले वेगवेगळ्या गटांत विभागली होती. वर्षभराने संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी सात गुणांनी, तर इतरांचा सुमारे चार गुणांनी वाढला; पुढच्या बऱ्याच अभ्यासांत एवढा फरकही टिकला नाही. त्याच प्रयोगात नाट्य शिकलेल्या मुलांचे इतरांशी वागणे सुधारलेले दिसले, पण त्याची चर्चा क्वचितच होते.

मानसशास्त्रज्ञ जॅकलिन एक्लस यांच्या सिद्धांतानुसार माणूस एखादी गोष्ट निवडताना, ती आपल्याला जमेल का, याबरोबरच तिची गोडी, महत्त्व, उपयोग आणि तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत जोखतो. ही किंमत म्हणजे केवळ फी नव्हे. सत्तरी तालुक्यातील मुलीला पणजीच्या कला अकादमीत पाठवायचे, तर संध्याकाळी तिला परत कोण आणणार, हा प्रश्न आधी सुटावा लागतो. जवळच्या साखळीच्या रवींद्र भवनात वर्ग असेल, तर तेच घर सहज तयार होते. उपयोगाचे गणितही केवळ परीक्षेतील गुणांपाशी थांबत नाही. गणेश चवथीला घरच्या आरतीत घुमट, शामेळ आणि झांजा ही वाद्ये चालू असताना मुलीचा हात तालावर बरोबर पडू लागला की वर्गात काय चालते, हे आजीलाही कानाने कळते. मला तर मूल वर्गात टिकण्याचे हे कारण प्रगतिपुस्तकापेक्षा भक्कम वाटते.

पालकांना लागलेली प्रमाणपत्रांची ओढ हा मात्र नाजूक भाग आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांपैकी काहींना, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्रक मिळेल, असे आधीच सांगितले. आठवडा-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ही मुले, काहीच न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, जेमतेम निम्मा वेळ चित्रे काढताना आढळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्रक न सांगता, नंतर अचानक मिळाले होते, त्यांची गोडी कमी झाली नव्हती.