शुक्रवारी उचललं म्हणजे सोमवारपर्यंत आत?

नाशिकमध्ये हे वाक्य सीबीएसजवळच्या कोर्टाबाहेर हमखास कानावर येतं. ते चूक आहे. संविधानाचं कलम २२(२) अटकेपासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायला सांगतं, आणि त्यात सुट्टीची सवलत नाही. रविवारीही रिमांडसाठी, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं की नाही हे ठरवायला, मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात. वगळतात तो फक्त प्रवासाचा आवश्यक वेळ. पुण्यात पकडून नाशिकला आणलं तर रस्त्याचे तास, पोलीस ठाण्यात बसवून ठेवल्याचे नव्हेत. एमपीडीएसारख्या (धोकादायक गुंडांविरुद्धचा राज्याचा कायदा) कायद्याखालची, खटल्याआधीच डांबून ठेवणारी स्थानबद्धता मात्र वेगळी, तिला हा नियम लागू नाही.

खरी गडबड घड्याळात होते. ‘नुसतं चौकशीला बोलावलंय’ म्हणत माणूस दुपारपासून बाकड्यावर, आणि कागदावर अटक रात्री अकराची! म्हणून अटक पंचनाम्यावरची वेळ वाचल्याशिवाय सही करू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३६ नुसार त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. नेल्याची खरी वेळ नातेवाइकांनी लगेच वकिलाला मेसेज करून ठेवावी. रिमांडच्या वेळी आरोपीने ती स्वतः मॅजिस्ट्रेटला सांगावी आणि नोंदवून घ्यायला लावावी. तिथे गप्प बसलं, की पुढे बहुतेकदा पोलिसांच्या कागदावरचीच वेळ धरली जाते.