स्वभावाला औषध नाही, मग पोटाचं काय?

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका." सहा-आठ महिने पोट धरून हिंडणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकवलं, की तो त्यातून दोन अर्थ काढतो. एक, आपलं दुखणं खरं नाही. दोन, दोष आपल्या स्वभावाचा आहे. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत.

दुसऱ्या अर्थाला जुना इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्झ अलेक्झांडर यांच्या पंथाचे मनोविश्लेषक जठराचा अल्सर आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला दीर्घकाळ येणारा दाह) या आजारांचं मूळ दबलेल्या भावनांत शोधत होते. पुढे १९८२मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना अल्सरच्या रुग्णांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू सापडला, आणि २००५मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ज्यांना वर्षानुवर्षं 'तुम्ही फार विचार करता' असं सांगितलं गेलं, त्यातल्या कितीतरी जणांना खरी गरज अँटिबायोटिकची होती. म्हणून पोट आणि स्वभाव यांचं नातं सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. स्वभावामुळे आतड्याला जखम होत नाही. आजार आयुष्याचा केवढा भाग व्यापणार, यात मात्र स्वभावाचा वाटा असतो.

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, हे त्याचं ठळक उदाहरण. २०१६च्या रोम निकषांप्रमाणे, म्हणजे हा आजार ओळखण्यासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या कसोट्यांप्रमाणे, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखलेलं असावं, तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत, आणि शौचाशी असलेला संबंध, शौचाला किती वेळा जावं लागतं यातला बदल, मलाच्या स्वरूपातला बदल या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी दुखण्याशी जोडलेल्या असाव्यात. एंडोस्कोपीत काही दिसत नाही. पण दुखणं खरंच असतं. रिची या संशोधकाने १९७३मध्ये मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा ठेवून तो ६० मिलीपर्यंत फुगवला. निरोगी लोकांपैकी ६ टक्के लोकांना दुखलं, आयबीएसच्या रुग्णांपैकी ५५ टक्के लोकांना. फुगा तेवढाच, मज्जातंतूंची संवेदना मात्र वाढलेली.

ही वाढलेली संवेदना मेंदूपर्यंत जाते ती मुख्यतः व्हेगस ही मेंदू आणि पोट जोडणारी लांब नस आणि मणक्याकडच्या नसा यांमधून. व्हेगसमधले बहुसंख्य तंतू पोटाकडून मेंदूकडे बातमी नेणारे असतात. त्या बातमीला किती महत्त्व द्यायचं ते मेंदू ठरवतो, आणि स्वभावाचा प्रश्न इथे येतो.

मानसशास्त्रात स्वभाव मोजण्यासाठी पाच गुणांची चौकट रूढ आहे. पोटाच्या आजारांत त्यातला एक सर्वांत जास्त बोलका ठरतो. त्याला न्यूरोटिसिझम म्हणतात. नाव रोगासारखं वाटलं तरी हा रोग नाही. चटकन काळजी वाटणं, धोक्याकडे आधी लक्ष जाणं आणि एकदा बिनसलं की सावरायला वेळ लागणं, असा हा कल, कमीअधिक प्रमाणात सगळ्यांतच असतो. आयबीएसच्या रुग्णांत तो सरासरीने जास्त आढळतो. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या आजारांतही हा कल जास्त असलेल्यांची जगण्याच्या गुणवत्तेची गुणसंख्या सहसा कमी येते.

ती मोजतात कशी, हेही पाहण्यासारखं आहे. आतड्याच्या दाहाच्या आजारांसाठी ३२ प्रश्नांची आयबीडीक्यू प्रश्नावली वापरतात. प्रत्येक उत्तराला १ ते ७ गुण, एकूण ३२ ते २२४, आणि जास्त गुण म्हणजे चांगलं जगणं. प्रश्न फक्त जुलाब आणि दुखण्याचे नसतात. गेल्या दोन आठवड्यांत स्वच्छतागृह सापडणार नाही या भीतीने किती वेळा ग्रासलं, जवळ सोय नाही म्हणून कुठे जाणं टाळलं का, असंही विचारतात. मलातलं कॅल्प्रोटेक्टिन (आतड्यातला दाह दाखवणारं प्रथिन) नॉर्मल, आतडं शांत, आणि तरीही या प्रश्नांना खालचे गुण, असे रुग्ण कमी नाहीत. त्यांच्या दाहाचं औषध वाढवून उपयोग होत नाही.

असं का होतं, हे पुण्यातल्या कोथरूड ते हिंजवडी या प्रवासात नीट दिसतं. एकदा चांदणी चौकाच्या कोंडीत जोराची कळ आली. दुसऱ्या दिवशी माणूस नाश्ता न करता निघतो. मग घरातून निघण्याआधी तीनदा शौचाला जाऊन येतो, जोर लावतो, आणि त्यानेच गुदद्वाराशी अर्धवट राहिल्याची भावना वाढते. मग खिशात लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी. मग बस बंद, स्वतःची गाडी. मग लग्नाचं जेवण बंद. प्रत्येक पायरीवर तात्पुरतं हायसं वाटतं, म्हणून मेंदू शिकतो की धोका खरा होता आणि टाळल्यामुळेच आपण वाचलो. लक्ष सतत पोटावर राहतं आणि एरवी जाणवलीही नसती अशी गुरगुर कळ म्हणून जाणवते. काळजीचा कल ज्याच्यात जास्त, तो या चक्रात लवकर अडकतो. गाडी उलट दिशेनेही धावते. ऑस्ट्रेलियात १२ वर्षं लोकांचा पाठपुरावा केला तेव्हा काहींत आधी चिंता आणि मग पोटाच्या तक्रारी, तर काहींत आधी पोटाच्या तक्रारी आणि मग चिंता, असे दोन्ही क्रम आढळले.

स्वभावाच्या बाकीच्या गुणांचं थोडक्यात. मोकळ्या, बोलक्या माणसाला आधार लवकर मिळतो. काटेकोर माणूस गोळ्या वेळेवर घेतो, पण तोच पथ्याचं व्रत करून बसण्याचाही धोका असतो. कमी-फॉडमॅप आहारात, म्हणजे आतड्यात आंबणाऱ्या ठरावीक शर्करा कमी करणाऱ्या पथ्यात, हे फार पाहायला मिळतं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने विकसित केलेलं हे पथ्य २ ते ६ आठवड्यांचं आहे. नंतर एकेक पदार्थ परत आणून पाहायचा असतो. मिसळ खाऊन त्रास झाला तर तिखट तर्रीवर खापर फुटतं. पण तिच्यात मटकी, कांदा, लसूण आणि पावातला गहू, असे आतड्यात आंबणारे चार घटक एकत्र असतात. तिखटही काहींना सोसत नाही, पण दोषी कोण ते एकेक घटक वेगळा खाल्ल्याशिवाय कळत नाही. लसणातलं फ्रुक्टॅन, म्हणजे त्यातला आंबणारा घटक, पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून तेलात अख्ख्या पाकळ्या परतून काढून टाकल्या तर फोडणीला वास राहतो आणि त्रास टळतो. रश्श्यात शिजवलेल्या पाकळ्या काढून मात्र काही साधत नाही. इसबगोल रोज ३-४ ग्रॅमने सुरू करून हळूहळू वाढवावं, पेलाभर पाण्यासोबत. एकदम मूठभर घेतलं की पोट फुगतं आणि 'मला इसबगोल चालत नाही' असा निष्कर्ष निघतो. गव्हाच्या कोंड्याने बऱ्याच जणांचं दुखणं वाढतं.

हे सगळं करण्याआधी काही गोष्टी तपासून घ्यायलाच हव्यात: शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असतो आणि तो क्रोन्ससारखाच दिसतो. यांपैकी एकही खूण असेल तर स्वभावाची चर्चा बाजूला ठेवून आधी पोटविकारतज्ज्ञ गाठावा.

स्वभावाला औषध नाही असं आपण म्हणतो, पण स्वभावातून लागलेल्या सवयींवर उपाय आहे. संज्ञानात्मक वर्तनोपचारात (विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसोपचारात, म्हणजे सीबीटीत) दोन आठवडे तीन रकाने भरायला सांगतात: काय जाणवलं, तेव्हा मनात काय आलं, मग काय केलं. तिसऱ्या रकान्यात टाळाटाळ लख्ख दिसते. मग पायऱ्या. रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, बसने चांदणी चौकापर्यंत. ते सोपं वाटू लागलं की वाकडपर्यंत. मग नाश्ता करून. मग कामाच्या दिवशी. गोळी खिशात राहू द्यावी, पण 'वेळ आली तर' म्हणून आधीच घेऊ नये. सगळ्यात शेवटी ती घरी ठेवायची. लोक चुकतात ते इथे: पहिल्याच दिवशी थेट हिंजवडी गाठायला जातात, घाबरतात आणि भीती पक्की करून परततात. अस्वस्थता निवायला लागेपर्यंत त्याच पायरीवर थांबायचं असतं.

औषधांबाबत एक गैरसमज वारंवार आडवा येतो. आयबीएससाठी रात्री १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन दिलं की रुग्ण पाकिटावरचं नाव शोधतो, 'डिप्रेशनची गोळी' वाचतो आणि बंद करतो. नैराश्याला त्याच्या कितीतरी पट डोस लागतो. इंग्लंडमधल्या २०२३च्या ॲटलांटिस चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅमवर सहा महिन्यांत पोटाच्या तक्रारी कमी झाल्या, पण चिंता आणि नैराश्याच्या गुणांत फरक पडला नाही. म्हणजे गोळीचं काम पोटाच्या संवेदनेवर होतं. तोंड कोरडं पडणं, सकाळी गुंगी, बद्धकोष्ठता हे तिचे ठरलेले त्रास आहेत. ते डॉक्टरांनी आधीच सांगितले, तर पहिल्या आठवड्यात गोळी कचऱ्यात जात नाही.