स्तोत्र कोणी गायचे? इंग्लंडच्या पॅरिश चर्चमधील गायनाची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या काही जुन्या पॅरिश चर्चमध्ये, म्हणजे गावच्या किंवा वस्तीच्या चर्चमध्ये, पश्चिमेच्या भिंतीला लागून एक लाकडी सज्जा अजून टिकून आहे. त्याच चर्चमध्ये पूर्वेला, वेदीच्या अलीकडे, गायकांचे बाक समोरासमोर मांडलेले असतात. सज्जा बहुधा अठराव्या शतकातला, बाक एकोणिसाव्या. शंभर-सव्वाशे वर्षांत गाणारे मागून पुढे आले, आणि तेवढ्यात मंडळीचे, म्हणजे उपासनेला जमलेल्या लोकांचे, गाणेही बरेचसे त्यांच्या हाती गेले.

मुळात सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेचा रोख उलट होता. लॅटिन उपासना बाजूला सारून 1549 साली इंग्रजी प्रार्थनापुस्तक आले. त्यामागचे आर्चबिशप क्रॅन्मर यांनी राजाला 1544 मध्येच कळवले होते की, गाणे स्वरांनी लादलेले नसावे, शक्यतो एका अक्षराला एकच स्वर असावा. विंडसरचे ऑर्गनवादक जॉन मर्बेक यांनी 1550 मध्ये नेमके तसे साधे, सगळ्यांनी एकाच सुरात गायचे स्वरलेखन छापले. पण 1552 मध्ये प्रार्थनापुस्तकच बदलले, शब्द हलले आणि मर्बेकांची मेहनत बाद झाली. तिला पुन्हा विचारणारे भेटले ते थेट एकोणिसाव्या शतकात.

प्रार्थनापुस्तकातली 150 स्तोत्रे, म्हणजे बायबलमधली स्तोत्रे (साम), गद्य आहेत. ती महिन्याच्या 30 दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली. वाटणी समान नाही: 15 तारखेच्या संध्याकाळी एकटे 78वे स्तोत्र येते, 73 कडव्यांचे. गावच्या चर्चमध्ये हे गद्य कोणी गात नसे. पाळक एक कडवे वाचे, पुढचे पॅरिश क्लार्क, म्हणजे त्याचा चर्चमधला मदतनीस. तीन मजली व्यासपीठात वर प्रवचन, मधे पाळकाचे वाचन आणि सर्वांत खाली क्लार्क. मंडळीच्या वतीने ‘आमेन’ म्हणणे हेही त्याचेच काम.

मंडळी गायची ती पद्यस्तोत्रे, म्हणजे तीच स्तोत्रे पद्यात बांधलेली. स्टर्नहोल्ड आणि हॉपकिन्स यांचा पूर्ण संग्रह 1562 मध्ये निघाला. त्यातली बहुतेक स्तोत्रे 8-6-8-6 अक्षरांच्या मापात बसवलेली, त्यामुळे त्या मापाची एक चाल आली की डझनावारी स्तोत्रे गाता येत. एका अभंगाच्या चालीवर दुसरा अभंग सहज बसतो, त्यातलाच हा प्रकार. काव्य म्हणून ही रचना ओबडधोबड आहे, पण पाठ होते, आणि तेच हवे होते.

पुढची अडचण साक्षरतेची. वाचता न येणाऱ्यांसाठी क्लार्क एक ओळ आधी सांगे, मग सगळे ती गात. ऑर्गनही फारसे उरले नव्हते. 1644 मध्ये संसदेने ते काढून टाकण्याचाच हुकूम केला होता. साथ नाही, ताल धरणारे कोणी नाही, प्रत्येकजण शेजाऱ्याची वाट पाहतो. मग लय खेचत जाते, एकेक स्वर दोन-तीन सेकंद लांबतो आणि त्या रिकाम्या जागेत जो तो आपापल्या हरकती भरतो. शहरी जाणकारांना हा गोंगाट वाटे.

त्यावर उपाय म्हणून साधारण 1700 नंतर गावोगाव गायकांचे गट तयार झाले. त्यांच्यासाठी सज्जे बांधले गेले. आधाराला बॅसून हे खर्जातले फुंकवाद्य किंवा चेलो, मग क्लॅरिनेट, बासरी, फिडल (व्हायोलिन). चाल बहुधा टेनर पुरुषांकडे असे, वरच्या आवाजाकडे नाही. एकामागून एक आवाज शिरणाऱ्या चाली त्यांच्या खास आवडीच्या. त्यात चार आवाज एकाच वेळी चार वेगळे शब्द म्हणतात, त्यामुळे मजकूर कळत नाही, ही टीका खरी होती. तरी पुढच्या पिढीच्या पाळकांनी या वादकांना जे अडाणी ठरवले, ते अन्यायाचेच. त्यांच्या वह्या पाहिल्या तर कसब स्पष्ट दिसते.

त्यांची जागा कुठे कुठे दांडा फिरवून वाजवायच्या बॅरल ऑर्गनने घेतली. एका लाकडी नळकांड्यावर खिळे ठोकून दहा-बारा चाली बसवलेल्या. दांडा फिरवणाऱ्याला संगीत यायची गरज नाही, मात्र हात जितका वेगात तितकी लय. सफोक परगण्यातल्या शेलंडला असा ऑर्गन आजही आहे.

मोठी उलथापालथ 1833 नंतरच्या ऑक्सफर्ड चळवळीने, म्हणजे चर्चच्या जुन्या परंपरांना पुन्हा महत्त्व देणाऱ्या चळवळीने, केली. लीड्सचे व्हिकर (पॅरिशचे पाळक) हूक यांनी चर्च नव्याने बांधले, 1841 मध्ये त्याचे अर्पण झाले. पांढऱ्या झग्यातले गायक वेदीजवळ बसले आणि रोज कॅथीड्रलसारखी, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चसारखी, उपासना होऊ लागली. पुढच्याच वर्षी सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्ली तिथे ऑर्गनवादक झाले. गावोगावच्या व्हिकरांनी हाच नमुना उचलला. त्यासोबत कॅथीड्रलमधली गद्यस्तोत्रे गाण्याची पद्धतही पॅरिशमध्ये आली: अँग्लिकन चँट.

याची बांधणी छोटी आहे. एकेरी चँटमध्ये 7 मात्राखंड आणि 10 स्वरसंघ, पहिल्या अर्ध्यात 4, दुसऱ्यात 6. प्रत्येक अर्ध्याचा पहिला स्वर कितीही शब्दांसाठी धरता येतो, बाकीचे ठरलेले. ‘ओ कम, लेट अस | सिंग अन्टु द | लॉर्ड : लेट अस हार्टिली रिजॉइस इन द | स्ट्रेंग्थ ऑव्ह | अवर सॅल- | व्हेशन’. उभ्या रेघेशी स्वर बदलतो, विसर्गचिन्हाशी श्वास. दुहेरी चँट दोन कडव्यांचा. कडव्यांची संख्या विषम असेल, 78व्यासारखी, तर एक कडवे चँटच्या फक्त उत्तरार्धावर घ्यावे लागते. ते कोणते, हे आधी ठरले नसेल तर अर्धे गायक एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे जातात.

चुकते ते मुख्यतः धरलेल्या स्वरावर. गायक तिथले शब्द घाईने उरकतात आणि रेघ आली की पाय आपटल्यासारखे थांबतात. रेघा छापून देण्याचे काम ईली कॅथीड्रलचे रॉबर्ट जेन्स यांनी 1837 मध्ये केले. 1875 च्या ‘कॅथीड्रल सॉल्टर’ या स्तोत्रसंग्रहाने ठळक आघाताची खूण दिली, आणि हा धक्का उलट पक्का झाला. विसाव्या शतकात बोलण्याच्या लयीत गायचा आग्रह सुरू झाला, तेव्हा कुठे तो कमी झाला.

मंडळीच्या वाट्याला गीते, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांहून वेगळी भक्तिगीते, राहिली. विल्यम हेन्री मंक यांच्या संपादनाखाली 1861 मध्ये निघालेला 273 गीतांचा संग्रह घरोघरी पोहोचला. ‘अबाइड विथ मी’ची चाल मंक यांनीच त्यासाठी बांधली. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये वर्षानुवर्षे वाजलेली आणि 2022 मध्ये वगळलेली धून तीच. गायकवृंदांच्या प्रशिक्षणासाठी सिडनी निकल्सन यांनी 1927 मध्ये संस्था काढली. तीच पुढे रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक झाली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रविवारची मुख्य उपासना प्रातःप्रार्थनेऐवजी प्रभुभोजन (भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी) झाली, आणि स्तोत्राची जागाच आखडली. आता बऱ्याच पॅरिशमध्ये एक जण कडवी म्हणतो आणि मंडळी मधेमधे एकच ओळ परत गाते. पूर्ण 78वे स्तोत्र ऐकायचे तर 15 तारखेला संध्याकाळी जुनी वाटणी पाळणारे एखादे कॅथीड्रल शोधावे लागते.