‘बॉलपार्क’, ‘टेबल’ आणि चिमूटभर मीठ : आमच्या ग्राहकांसाठी

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून आमच्या नारायण पेठेतल्या कचेरीत मेल, कोटेशनं, करारनामे भाषांतराला येतात. तांत्रिक शब्दांवर कुणाचं सहसा अडत नाही. ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. घोळ होतो तो साध्या शब्दांत. शब्द सगळे ओळखीचे, वाक्य मात्र डोक्यावरून जातं.

एका ग्राहकांना अमेरिकेतून मेल आला, ‘बॉलपार्क फिगर’ कळवा. त्यांनी चार दिवस खपून स्टीलच्या भावापासून पॅकिंगच्या खोक्यापर्यंत सगळं जोडलं आणि ५,२४७ डॉलर ५० सेंट असा आकडा पाठवला. समोरच्याला हवा होता नुसता अंदाज! ‘पाच हजारांच्या आसपास’ एवढं त्याच दिवशी कळवलं असतं तरी भागलं असतं. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. आकडा मैदानात पडला की झालं. ‘टच बेस’ त्याच खेळातलं, अर्थ ‘जरा बोलून घेऊ’. आणि ‘रेन चेक’ही. पावसाने सामना बुडाला की प्रेक्षकांना पुढच्या सामन्यासाठी चिठ्ठी मिळे. तेव्हा जेवणाच्या आमंत्रणावर कुणी ‘रेन चेक’ म्हणालं, तर ‘आज नको, पुन्हा कधीतरी’ एवढंच समजा. बँकेत भरायला काही येणार नाही.

‘टेबल’ शब्द दिसला की आधी मेल कुठून आलाय ते बघा. ब्रिटिश माणूस मुद्दा ‘टेबल’ करतो म्हणजे चर्चेला आणतो, अमेरिकन करतो म्हणजे बाजूला ठेवतो. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांत यावरून बराच वेळ वाद झाल्याचं चर्चिलने लिहून ठेवलंय. तिथे आपली काय कथा.

‘अंडर द वेदर’ म्हणजे तब्येत बरी नाही, ‘इन द रेड’ म्हणजे खातं तोट्यात, ‘पीस ऑफ केक’ म्हणजे डाव्या हातचा मळ. ही लगेच ध्यानात राहतात.

‘पिंच ऑफ सॉल्ट’ आमचं लाडकं. आपल्याकडे सांगणारा मीठमिरची लावून सांगतो. इंग्रजीत ऐकणाऱ्याने चिमूटभर मीठ घेऊन ऐकायचं, म्हणजे सगळं खरं धरायचं नाही. पुरवठादाराच्या तारखेबद्दल हा शब्द आला, तर दुसरा पुरवठादार बघून ठेवा.

उलटंही होतं. पैसे बुडवणाऱ्या इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला एकांनी रागाने ‘तुम्ही आमच्या तोंडाला पानं पुसलीत’ हे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत लिहिलं. कसली पानं, अशी तिकडून विचारणा आली. पैशांचा विषय राहिला बाजूला.

एखादी ओळ अडली तर फोनवर तेवढीच वाचून दाखवू नका. आधीच्या दोन-तीन मेलसकट पाठवा. एका ओळीचे आम्ही पैसे घेत नाही.