बी.एड. करताना इंग्लंडच्या शाळेत व्हॉलंटियर म्हणून जायचंय? कुठला व्हिसा, कोण पात्र आणि कागदपत्रं कुठली

बी.एड., डी.एल.एड. करणाऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो, की इंग्लंडमध्ये मामा किंवा आत्या राहते, त्यांच्या घराजवळच्या शाळेने ईमेल करून 'या, वर्गात मदत करा' असं कळवलंय, मग टुरिस्ट म्हणून जाऊन महिनाभर शाळेत काम केलं तर चालेल का. शाळेने हो म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं तिकडे अजिबात नसतं. तुम्ही कुठल्या संस्थेच्या नावाखाली तिथे जाणार, ती संस्था कागदावर कोण आहे, यावर सगळं ठरतं, म्हणून तिकीट बघण्याच्या आधी संस्था बघा.

रस्ते मुख्यतः दोन. पहिला म्हणजे स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा, म्हणजे ज्याला आपण टुरिस्ट व्हिसा म्हणतो तोच. यावर व्हॉलंटियरिंग चालतं पण एकूण मिळून ३० दिवसच, आणि ते सुद्धा अशा चॅरिटीसाठी (म्हणजे धर्मादाय संस्थेसाठी) जी तिथल्या चॅरिटी कमिशनच्या रजिस्टरवर आहे (स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडची रजिस्टर वेगळी आहेत). आता इथेच बहुतेक जणांचं अडतं. इंग्लंडमधल्या अकॅडमी प्रकारच्या सरकारी शाळा कायद्याने चॅरिटी असतात पण त्यांना नोंदणीतून सूट असते, म्हणजे रजिस्टरवर त्यांचं नाव सापडत नाही, आणि लोकल काउन्सिल चालवते त्या कम्युनिटी शाळा तर चॅरिटीच नसतात. त्यामुळे शाळा कितीही चांगली असली, मुख्याध्यापकांनी कितीही प्रेमाने बोलावलं तरी व्हिजिटर व्हिसाच्या नियमात ती बसेलच असं नाही. उलट शाळांमध्ये वाचन-मदतनीस पाठवणारी एखादी नोंदणीकृत चॅरिटी, किंवा शनिवार-रविवारी भाषेचे वर्ग घेणारी नोंदणीकृत सामाजिक संस्था (आपल्या लोकांच्या मराठी शाळा सुद्धा तिकडे वीकेंडलाच भरतात) नियमात बसू शकते. रजिस्टर ऑनलाइन आहे, फुकट आहे, संस्थेकडून चॅरिटी नंबर मागून घ्या आणि स्वतः टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक, व्हिजिटर व्हिसावर इंटर्नशिप किंवा वर्क प्लेसमेंट करायला स्पष्ट मनाई आहे. आपल्याकडे दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांप्रमाणे २० आठवडे शाळेत काढायचे असतात, तर काहींना वाटतं की त्यातले चार आठवडे लंडनला दाखवू. तसं करायचं असेल तर व्हिजिटर व्हिसा त्यासाठी नाहीच. सुट्टीत स्वतःच्या हौसेने केलेलं व्हॉलंटियरिंग आणि कॉलेजच्या मार्कांत धरलेली इंटर्नशिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फॉर्मवर जे खरं आहे तेच लिहा.

दुसरा रस्ता चॅरिटी वर्कर व्हिसा. जास्तीत जास्त १२ महिने मिळतात. वय १८ पूर्ण पाहिजे, इंग्रजीची परीक्षा मागत नाहीत, पण संस्थेकडे होम ऑफिसचं (तिथल्या गृहखात्याचं) स्पॉन्सर लायसन्स पाहिजे आणि तिने तुम्हाला सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप द्यायला पाहिजे. सर्टिफिकेट म्हणजे भिंतीवर लावायचा कागद नव्हे, तो एक नंबर असतो, तो अर्जात टाकायचा, आणि मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरायचा. लायसन्स असलेल्या संस्थांची यादी सरकारी साइटवर आहे, त्यात नाव बघा आणि त्यापुढे चॅरिटी वर्कर असं लिहिलंय का तेही बघा, कारण एखाद्या संस्थेकडे लायसन्स असतं पण दुसऱ्याच प्रकारचं. हे सर्टिफिकेट विकत मिळत नाही, कोणी एजंट लाखभर रुपयांत देतो म्हणाला तर तिथेच बोलणं थांबवा, फार कळकळीने सांगतोय.

काम बिनपगारी असलं पाहिजे आणि संस्थेच्या चॅरिटीच्या उद्देशाशी थेट जोडलेलं. राहणं, जेवण, प्रवास एवढा वाजवी खर्च संस्था देऊ शकते, पण पगार नाही. कायमच्या शिक्षकाच्या जागेवर तुम्हाला बसवता येत नाही.

पैशाचं नीट समजून घ्या कारण अर्ज इथेच मार खातात. चॅरिटी वर्करसाठी खात्यात १,२७० पौंड, म्हणजे साधारण दीड लाख रुपये, सलग २८ दिवस असायला पाहिजेत, आणि तो अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. मध्ये एक दिवस जरी रक्कम खाली गेली तर ते २८ दिवस धरत नाहीत. खातं तुमच्या स्वतःच्या नावावर हवं, बाबांच्या खात्यातले पैसे इथे चालत नाहीत (लग्न झालं असेल तर नवऱ्याचं किंवा बायकोचं खातं चालतं), आणि पतसंस्थेतली ठेव यासाठी धरू नका, साध्या मोठ्या बँकेत बचत खात्यात ठेवा आणि रुपया-पौंडाचा भाव हलतो म्हणून थोडे जास्तच ठेवा. संस्था पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी सर्टिफिकेटमध्ये लिहून देत असेल तर हे दाखवायची गरज नाही. व्हिजिटरला असा ठरलेला आकडा नाही, तिथे जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च कोण करणार आणि तुम्ही परत का येणार हे पटलं पाहिजे, आणि त्यासाठी बी.एड.च्या विद्यार्थ्याकडे सगळ्यात चांगला कागद म्हणजे कॉलेजचं बोनाफाइड, ज्यात पुढचं सत्र कधी सुरू होतं ती तारीख लिहिलेली असेल.

फी एप्रिल २०२५ पासून व्हिजिटरला १२७ पौंड आणि चॅरिटी वर्करला ३१९ पौंड झाली, साधारण दर एप्रिलला वाढते म्हणून अर्जाच्या दिवशी साइटवर बघून घ्या. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर दोन खर्च वाढतात, वर्षाचा १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी) आणि टीबीची तपासणी, ती यूकेने मान्य केलेल्या क्लिनिकमध्येच करायची, आपल्या फॅमिली डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही. म्हणून कामाला लागतात त्यापेक्षा उगाच जास्त महिने लिहू नका, फरक मोठा पडतो.

कागदपत्रांमध्ये पासपोर्ट, बँक स्टेटमेंट, संस्थेचं पत्र किंवा सर्टिफिकेटचा नंबर, कॉलेजचं बोनाफाइड आणि प्राचार्यांचं ना-हरकत पत्र. मराठीत असलेला कुठलाही कागद, शाळा सोडल्याचा दाखला असो की सातबारा, इंग्रजी भाषांतरासोबतच लावायचा, आणि त्या भाषांतरावर भाषांतर अचूक असल्याचं वाक्य, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क पाहिजे. दोन्ही अर्ज ऑनलाइन भरायचे, जाण्याच्या किंवा काम सुरू होण्याच्या तारखेच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी, मग मुंबई किंवा पुण्यातल्या व्हीएफएस केंद्रात (व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात) बोटांचे ठसे आणि फोटो. निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो.

व्हिसा झाला तरी शाळेची बाजू उरतेच. तिकडे मुलांच्या सुरक्षिततेचे नियम फार कडक आहेत आणि मला ते मनापासून आवडतात. शाळा डीबीएस नावाची पार्श्वभूमी तपासणी करते (व्हॉलंटियरला सरकारी फी नाही), आणि तुम्ही परदेशात राहिलेले म्हणून भारतातलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागू शकते. ते पासपोर्ट सेवा पोर्टलवरून ५०० रुपयांत मिळतं, पोलीस पडताळणीला वेळ लागू शकतो म्हणून निघायच्या बरंच आधी काढा. शाळेत गेल्यावर रोज सही, गळ्यात व्हिजिटरचा पट्टा, मुलांसमोर मोबाइल बाहेर नाही, एकट्या मुलासोबत बंद खोलीत नाही, आणि मुलाने घरातलं काही गंभीर सांगितलं तर स्वतः चौकशी न करता मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेल्या शिक्षकालाच लगेच कळवायचं. आपल्या प्रॅक्टिस टीचिंगमध्ये हे एवढं कोणी शिकवत नाही आणि खरं तर जाण्यातला निम्मा फायदा हाच आहे.

कधी जायचं म्हणाल तर आपली मेची सुट्टी छान जुळते, तिकडे तेव्हा उन्हाळी टर्म चालू असते. फक्त मेमध्ये सहावीच्या राष्ट्रीय चाचण्या आणि मोठ्यांच्या जीसीएसई (आपल्या दहावीसारख्या परीक्षा) असतात, त्या वर्गांत नवख्याला घेत नाहीत, पण पहिलीत जूनमधल्या फोनिक्स तपासणीची तयारी चालू असते, मुलं आवाज जोडून शब्द कशी वाचतात हे जवळून बघायला मिळतं, आणि इंग्रजी शिकवणार असाल तर तो वर्ग आवर्जून मागा.

ज्यांना पगाराचं काम हवंय त्यांच्यासाठी वेगळी योजना आहे, इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम, १८ ते ३० वय, पदवी झालेली, लॉटरी पद्धत, दोन वर्षांचा व्हिसा. बी.एड.वाल्यांची पदवी आधीच झालेली असते म्हणून नाव टाकून ठेवायला हरकत नाही, लॉटरीत नाव टाकायला पैसे लागत नाहीत.

निघायच्या आधी संस्थेकडून किंवा शाळेकडून तारखा, तास आणि कुठल्या वर्गात काय मदत केली हे लिहिलेलं सहीचं पत्र हातात घ्या. जुलैच्या शेवटी शाळा बंद झाल्या की सप्टेंबरपर्यंत ऑफिसमध्ये ईमेलला उत्तर द्यायला सहसा कोणी नसतं.